फुटबॉलपटू प्रशिक्षक होते तेव्हा

ज्याला स्वतःला उत्तम खेळता येतं त्याला शिकवताही येणारच, असं आपण सहज धरून चालतो. मग डिएगो मॅराडोना प्रशिक्षक असताना २०१०च्या विश्वचषकात जर्मनीने अर्जेंटिनाला ४-० असं कसं लोळवलं? आणि खेळाडू म्हणून ज्यांची कुणी दखलही घेतली नव्हती, त्या जोझे मोरिन्यो यांनी एकामागून एक युरोपीय करंडक कसे जिंकले? फुटबॉल बघणारा प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतो. खेळण्यात आणि शिकवण्यात नेमका फरक काय? एकातून दुसऱ्यात जाताना सोबत काय न्यावं लागतं आणि काय मागे सोडावं लागतं?

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये हा प्रवास प्रसिद्धीच्या झोतात होतो. तो नीट समजून घ्यायचा असेल, तर जिथे प्रसिद्धी नव्हती आणि पैसाही नव्हता अशा ठिकाणी जावं. स्कॉटलंडच्या शेली केर यांची कारकीर्द त्यासाठी फार बोलकी आहे.

१. बंदीच्या देशात जन्म

केर यांचा जन्म १९६९चा, एडिनबरा आणि ग्लासगो यांच्या मधल्या वेस्ट लोदियन भागातल्या ब्रॉक्सबर्न गावचा. त्या वेळी स्कॉटलंडमध्ये बायकांच्या फुटबॉलला अधिकृत संघटनेची दारं बंद होती.

इंग्लंडमध्ये १९२०च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक जमले होते. वर्षभरातच, डिसेंबर १९२१मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना मज्जाव केला. स्कॉटलंडनेही तीच वाट धरली आणि पुढे हट्ट त्यांचाच जास्त टिकला. १९७१मध्ये युरोपातल्या फुटबॉल संघटनांनी महिलांचं फुटबॉल आपल्या छत्राखाली घ्यायचं ठरवलं, तेव्हा ३१ मतं ठरावाच्या बाजूने पडली. विरोधात एकच मत होतं, ते स्कॉटलंडचं. बंदी उठली १९७४मध्ये. केर तेव्हा पाचेक वर्षांच्या होत्या.

या काळातली सर्वांत गाजलेली मुलगी म्हणजे रोझ रायली. एअरशरमधल्या स्ट्युअर्टन गावची ही पोर मुलांच्या संघात खेळायला मिळावं म्हणून केस बारीक कापून ‘रॉस’ या नावाने मैदानात उतरायची. तिचा खेळ पाहून सेल्टिक क्लबच्या माणसाने तो सात नंबरचा मुलगा आपल्याला हवा असल्याचं सांगितलं होतं. १९७२च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीनॉकला स्कॉटलंडच्या महिलांनी इंग्लंडविरुद्ध पहिला अधिकृत सामना खेळला आणि ३-२ असा गमावला. त्यातला एक गोल रायलीचा होता. मायदेशात फुटबॉलवर पोट भरणं अशक्यच होतं. ती फ्रान्सला गेली, तिथून इटलीला. पाठोपाठ स्कॉटलंडच्या महिला संघटनेने तिच्यावर आजन्म बंदी घातली. मग ती इटलीकडूनच खेळली आणि १९८४मध्ये तिथल्या अनधिकृत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने गोल करून करंडक उचलला.

ज्या देशात इतक्या गुणी खेळाडूची ही गत होती, तिथे ‘महिला संघाची प्रशिक्षक’ नावाची पगारी नोकरी कुठून असणार? स्कॉटलंडच्या राष्ट्रीय महिला संघाला पहिली पूर्णवेळ प्रशिक्षक मिळाली ती १९९८मध्ये, नेदरलँड्सच्या व्हेरा पाऊ. त्यांच्यानंतर २००५मध्ये स्वीडनच्या आना सिग्नेउल आल्या. दोघीही परदेशी, कारण घरच्या बायकांना तयार करणारी व्यवस्थाच उभी राहिली नव्हती.

२. ५९ कॅप आणि पोटापाण्याचा प्रश्न

क्रिकेटमुळे ‘कॅप’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. देशाकडून खेळलेला एक सामना म्हणजे एक कॅप. केर बचावपटू होत्या. १९८९ ते २००८ या काळात त्या स्कॉटलंडकडून ५९ सामने खेळल्या, संघाच्या कर्णधारही झाल्या. क्लब पातळीवर किल्मार्नॉक, हिबर्नियन, स्पार्टन्स आणि इंग्लंडमधला डोंकास्टर रोव्हर्स बेल्स अशी बरीच मैदानं त्यांनी पाहिली.

एकोणीस वर्षांत ५९ सामने म्हणजे वर्षाला सरासरी तीन. आजची आंतरराष्ट्रीय खेळाडू एका वर्षात दहा-बारा सामने सहज खेळते. हा फरक केर यांच्या कुवतीचा नाही. सामनेच कमी होते, मोठ्या स्पर्धेत स्कॉटलंड पोचत नव्हतं आणि खेळाडूंना घर-संसार, नोकरी सांभाळून मैदानावर यावं लागत होतं.

इथे पुरुष आणि महिला फुटबॉलमधला एक मोठा फरक समोर येतो. पुरुष व्यावसायिक खेळाडू निवृत्त होऊन प्रशिक्षक होतो, तेव्हा बहुधा त्याची कमाई घटते. वैभवाचे दिवस सरलेले असतात. केर यांच्या पिढीतल्या स्कॉटिश बायकांचं उलट होतं. खेळण्याने त्यांना काही दिलं नव्हतं. प्रशिक्षक झाल्यावर कुठे फुटबॉल हा त्यांचा पूर्ण वेळेचा व्यवसाय झाला. खेळाडूपण हे त्यांचं शिक्षण होतं आणि खरी नोकरी नंतर लागली. म्हणून केर यांच्याबद्दल ‘निवृत्तीनंतर प्रशिक्षणाकडे वळल्या’ असं म्हणणं मला अपुरं वाटतं. त्यांची कारकीर्द तिथे सुरू झाली.

३. परवाना म्हणजे काय?

राष्ट्रीय किंवा बड्या क्लबच्या संघाला शिकवायचं तर नुसता अनुभव पुरत नाही. युरोपातल्या फुटबॉलची मध्यवर्ती संघटना युएफा प्रशिक्षकांना परवाने देते आणि ते चढत्या पायऱ्यांचे असतात: सी, बी, ए आणि सगळ्यांत वर प्रो. आपल्याकडच्या आरटीओच्या परवान्यासारखं समजा. आधी शिकाऊ, मग पक्का, आणि प्रवाशांनी भरलेली बस चालवायची तर वेगळा. स्कूटर उत्तम चालवतो म्हणून कुणी बस हातात देत नाही.

या अभ्यासक्रमांत शिकवतात तरी काय? बचावपटूचं उदाहरण घेऊ. मैदानात असताना तिला आपल्या आजूबाजूचं बघावं लागतं: समोरची आघाडीची खेळाडू कुठे आहे, आपली गोलरक्षक ओरडून काय सांगते आहे, चेंडू डावीकडून येतो आहे की उजवीकडून. तिचा निर्णय क्षणात होतो आणि बऱ्याचदा का घेतला ते तिला शब्दांत सांगताही येत नाही. प्रशिक्षकाला नेमकं तेच शब्दांत मांडावं लागतं. तेही अकरा जणींना, प्रत्येकीला तिच्या जागेवरून दिसेल तसं. शिवाय आठवड्याभराच्या सरावाचा आराखडा, दुखापतींचा हिशोब, प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास, आणि जिला संघातून वगळलं तिच्याशी करायचं अवघड बोलणं. अंगात मुरलेलं कौशल्य उलगडून दाखवणं ही वेगळीच विद्या आहे. ज्यांना खेळ उपजत जमतो त्यांना कधी कधी ती जड जाते, कारण तो कसा जमतो याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर आलेली नसते.

केर यांनी या पायऱ्या चढून सर्वोच्च प्रो परवाना मिळवला. २००९मध्ये त्यांच्याकडे स्कॉटलंडच्या १९ वर्षांखालील मुलींचा संघ आला. तो त्यांनी चार वर्षं सांभाळला.

४. लंडनचं बोलावणं

फेब्रुवारी २०१३मध्ये आर्सेनलने आपल्या महिला संघाची सूत्रं केर यांच्या हाती दिली. इंग्लंडमधला तो सर्वांत यशस्वी महिला क्लब. तिथे जिंकणं अपेक्षितच असतं आणि हरलं की प्रश्न विचारले जातात.

तीन महिन्यांत केर यांनी महिलांचा एफए कप जिंकला. अंतिम सामन्यात ब्रिस्टल अकॅडमीवर ३-० असा विजय मिळाला, तोही डोंकास्टरच्या मैदानावर, ज्या गावच्या संघाकडून त्या पूर्वी खेळल्या होत्या. त्याच मोसमात युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये आर्सेनल उपांत्य फेरीत पोचलं आणि जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गपुढे थांबलं. पुढे लीग कपही आला. पण मुख्य लीगचं विजेतेपद लिव्हरपूलने नेलं. २०१४च्या मोसमाची सुरुवात तर फारच खराब झाली आणि केर यांनी पद सोडायचं जाहीर केलं. जाता जाता १ जून २०१४ रोजी एव्हर्टनला २-० हरवून त्यांनी पुन्हा एफए कप जिंकला.

या सव्वा वर्षातली एक गोष्ट पुढे कामी आली. किम लिटल आणि जेनिफर बीटी या स्कॉटिश खेळाडू तेव्हा आर्सेनलमध्ये केर यांच्या हाताखाली होत्या. १८ वर्षांची कॅरोलाइन विअरही २०१३मध्ये हिबर्नियनहून तिथे दाखल झाली. राष्ट्रीय संघाचा कणा पुढे याच मुलींचा झाला.

५. पुरुषांच्या संघापुढे एक बाई

२०१४च्या उन्हाळ्यात केर स्टर्लिंग विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या प्रशिक्षक झाल्या. हा संघ लोलँड लीगमध्ये खेळायचा. स्कॉटलंडच्या चार राष्ट्रीय विभागांच्या खालची ही पाचवी पायरी, २०१३मध्ये नव्याने सुरू झालेली. ब्रिटनमध्ये पुरुषांच्या वरिष्ठ संघाची जबाबदारी घेणारी पहिली स्त्री म्हणून केर यांचं नाव सगळीकडे छापून आलं.

योगायोग बघा, त्याच उन्हाळ्यात फ्रान्सची माजी कर्णधार कोरिन डियाक्र पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लेर्मों क्लबची प्रशिक्षक झाली. २०१७मध्ये डियाक्र फ्रान्सच्या महिला संघाकडे गेली आणि केर स्कॉटलंडच्या. २०१९च्या विश्वचषकात दोघी आपापल्या देशाच्या बाकावर होत्या.

पुरुषांना शिकवल्याने केर यांना काय मिळालं? आठवड्यामागून आठवडे सामने मिळाले. राष्ट्रीय वयोगट संघाच्या प्रशिक्षकाला वर्षात मोजकेच सामने मिळतात. लीगमध्ये मात्र शनिवारी हरलं की पुढच्या शनिवारी पुन्हा उभं राहावं लागतं. विद्यापीठाच्या संघात मुलं येतात, पदवी घेतात आणि जातात, त्यामुळे दर वर्षी संघ नव्याने बांधावा लागतो. प्रशिक्षकाचा हात बसण्यासाठी ही जागा मला आर्सेनलपेक्षाही मोलाची वाटते.

६. बरोबरीच्या गुणांचं कोडं

आना सिग्नेउल यांनी स्कॉटलंडला २०१७च्या युरो स्पर्धेत नेलं होतं. महिला संघाची ती पहिलीच मोठी स्पर्धा. तिथे इंग्लंडने त्यांचा ६-० असा धुव्वा उडवला, पण शेवटच्या सामन्यात विअरच्या गोलवर स्कॉटलंडने स्पेनला हरवलं. त्यानंतर केर आल्या आणि समोर २०१९च्या विश्वचषकाची पात्रता फेरी होती.

गटात स्वित्झर्लंड, पोलंड, बेलारूस आणि अल्बेनिया होते. थेट पात्र ठरणार एकच संघ. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. सात सामन्यांनंतर स्कॉटलंडचे १८ गुण झाले होते, स्वित्झर्लंडचेही १८.

गुण समान असतील तर आधी दोघांमधले आपसातले सामने बघायचे. स्वित्झर्लंडने घरी १-० असा विजय मिळवला होता. ऑगस्ट २०१८मध्ये स्कॉटलंडने आपल्या पेस्ली गावी २-१ अशी परतफेड केली. म्हणजे आपसातले गोल २-२. पुन्हा बरोबरी! मग प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेले गोल मोजायचे. स्वित्झर्लंडचा स्कॉटलंडमध्ये एक, स्कॉटलंडचा स्वित्झर्लंडमध्ये शून्य. पारडं स्वित्झर्लंडकडे झुकलं. थोडक्यात, शेवटच्या दिवशी स्कॉटलंडला स्वित्झर्लंडपेक्षा चांगला निकाल हवा होता. दोघंही जिंकले तर स्कॉटलंड बाहेर.

४ सप्टेंबर २०१८. स्कॉटलंडचा सामना अल्बेनियातल्या श्कोदेर शहरात, स्वित्झर्लंडचा पोलंडमध्ये. लिटलने गोल केला, अल्बेनियाने बरोबरी साधली, आणि उत्तरार्धात जेन रॉसच्या गोलने स्कॉटलंड पुन्हा पुढे गेलं. अंतिम निकाल २-१. तिकडे पोलंडने स्वित्झर्लंडला ०-० असं रोखलं. २१ विरुद्ध १९! महिला विश्वचषकासाठी स्कॉटलंड पहिल्यांदाच पात्र ठरलं.

पुढच्या वर्षी, विश्वचषकाला निघण्यापूर्वी, ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर जमैकाविरुद्ध निरोपाचा सामना झाला. १८,५५५ प्रेक्षक आले. ज्या देशाने महिला फुटबॉलविरुद्ध एकट्याने मत दिलं होतं, त्याच्या राष्ट्रीय मैदानावर ही गर्दी होती. त्याआधीचे काही महिने सरकारी मदतीमुळे संघातल्या मुलींना पूर्ण वेळ सराव करता आला होता. केर यांना स्वतःला खेळाडू असताना ते सुख कधी लाभलं नव्हतं.

७. पॅरिसमधली शेवटची वीस मिनिटं

फ्रान्समधल्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध १-२ आणि जपानविरुद्धही १-२ असे दोन सामने गेले. १९ जून २०१९ला पॅरिसच्या पार्क दे प्रांस मैदानावर गाठ अर्जेंटिनाशी होती. स्पर्धेत २४ संघ, सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जाणार आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या सहांपैकी चार उत्तम संघही. म्हणजे दोन सामने हरूनही आशा जिवंत होती.

१९व्या मिनिटाला लिटल, ४९व्याला बीटी, ६९व्याला एरिन कथबर्ट. ३-० अशी आघाडी, खेळ जेमतेम वीस मिनिटांचा उरलेला. मग ७४व्या मिनिटाला अर्जेंटिनाचा पहिला गोल झाला. ७९व्या मिनिटाला फ्लोरेन्सिया बोनसेगुंदोचा फटका गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला आणि गोलरक्षक ली अलेक्झांडरला लागून आत गेला. ३-२.

सामना संपत आला असताना पंचांनी व्हिडिओ बघून अर्जेंटिनाला पेनल्टी दिली. बोनसेगुंदोने मारलेली किक अलेक्झांडरने अडवली! पण नव्या नियमानुसार किक मारली जाईपर्यंत गोलरक्षकाचा किमान एक पाय गोलरेषेवर असायला हवा. अलेक्झांडर थोडी आधी पुढे सरकल्याचं व्हिडिओत दिसलं. पेनल्टी पुन्हा घ्यायला लावली आणि या वेळी गोल झाला. ३-३.

हातातोंडाशी आलेला घास किती जवळ होता, ते आकड्यांत बघू. ३-२ असा विजय मिळाला असता तर स्कॉटलंडचे तीन गुण झाले असते. एकूण केलेले गोल पाच, खाल्लेले सहा, म्हणजे गोलफरक उणे एक. तिसऱ्या क्रमांकाच्या संघांमध्ये ब्राझील आणि चीन जास्त गुणांमुळे पुढे गेले. त्यांच्यामागून कॅमेरून आणि नायजेरिया गेले, दोघांचे गुण तीन आणि गोलफरक उणे दोन. तीन गुणांनिशी स्कॉटलंड या दोघांच्या वर राहिलं असतं. पेनल्टीच्या त्या दुसऱ्या किकने बाद फेरीची जागा हिरावून घेतली.

आघाडी कशी टिकवायची हा प्रशिक्षकाच्या कामातला अवघड भाग इथे उघडा पडतो. खेळाडू केर त्या क्षणी मैदानात असत्या, तर पुढे धावून चेंडू दूर टोलवला असता, सहकाऱ्यांना हाक मारून जागेवर आणलं असतं. प्रशिक्षकाकडे तेव्हा होते तीन बदली खेळाडू आणि कडेच्या रेषेवरून पोचेल तेवढा आवाज. मैदानात घबराट पसरली की तेवढ्याने भागत नाही. बचावपटू म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला ती वीस मिनिटं बाहेर उभं राहून बघावी लागली, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

युरो २०२२ची पात्रता फेरीही हुकली आणि डिसेंबर २०२०मध्ये केर यांनी राष्ट्रीय संघ सोडला.

८. दुसऱ्या दाराने आलेले

पुरुष फुटबॉलमधून महिला संघाकडे येणारेही असतात. अ‍ॅबरडीनचा स्कॉट बूथ आघाडीचा खेळाडू. १९९७मध्ये तो जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडकडे गेला, पुढे नेदरलँड्सच्या ट्वेंटेकडून खेळला. स्कॉटलंडकडून २२ सामने, सहा गोल. बूथ २०१५मध्ये ग्लासगो सिटी या महिला क्लबचा प्रशिक्षक झाला.

ग्लासगो सिटी हा कुठल्याही पुरुष क्लबची शाखा नसलेला, १९९८मध्ये स्वतंत्रपणे उभा राहिलेला क्लब. त्याने स्कॉटलंडची लीग सलग १४ वेळा जिंकली, त्यातली बरीच वर्षं बूथच्या काळातली. चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र २०२०च्या ऑगस्टमध्ये उपांत्यपूर्व फेरीत वोल्फ्सबुर्गने त्यांना ९-१ असं हरवलं. घरच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं अजिंक्य असलेला संघ आणि श्रीमंत जर्मन क्लब यांच्यातलं अंतर त्या एका रात्रीत दिसलं. प्रशिक्षक कितीही अनुभवी असला तरी सुविधा, पगार आणि रोजचा दर्जेदार सराव यांची उणीव तो एकटा भरून काढू शकत नाही.

बूथच्या त्या संघात लीअन रॉस नावाची मधल्या फळीतली खेळाडू होती. स्कॉटलंडकडून शंभराहून अधिक सामने खेळलेली आणि क्लबच्या विजेतेपदांच्या काळात कर्णधार राहिलेली. २०२०मध्ये ती निवृत्त झाली आणि क्लबमध्येच शिकवू लागली. २०२२-२३च्या मोसमाच्या मध्यावर मुख्य प्रशिक्षक निघून गेल्यावर रॉसकडे हंगामी सूत्रं आली. मोसमाच्या अखेरच्या दिवशी, २१ मे २०२३ रोजी, आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्सविरुद्ध सामना होता, आणि सेल्टिक आपला सामना जिंकून विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभं होतं. भरपाई वेळेत लॉरेन डेव्हिडसनने गोल केला. ग्लासगो सिटीने १-० असा विजय मिळवून लीग परत आणली आणि त्या उन्हाळ्यात रॉसला कायमची मुख्य प्रशिक्षक नेमण्यात आलं.